जुन्या गेटवरचा वॉचमन

भिवंडीत गोदामाचा पत्ता बदलणं काही नवीन नाही. आज काल्हेरला असलेला माल उद्या माणकोलीला. अशा वेळी शहाणा मालक जुन्या गेटवर वॉचमन ठेवतो. ट्रक आला की वॉचमन नवा पत्ता सांगतो. वेबवर यालाच रीडायरेक्ट म्हणतात, आणि माझ्या मते आपल्या बँकांनी सध्या हे काम सगळ्यात मनावर घ्यायला हवं.

कारण रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं. हेतू उत्तम. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं, त्यामुळे नकली साइट ओळखणं सोपं. पण जुना पत्ता अजून लोकांच्या बुकमार्कमध्ये आहे, त्याचं काय?

आता ब्राउझर काय करतो बघा. सर्व्हर '३०१' म्हणाला, तर 'कायमचं हललंय' असं समजून ब्राउझर ते सहसा लक्षात ठेवतो. '३०२' म्हणजे 'तूर्त तिकडे जा', म्हणून पुढच्या वेळी तो परत जुन्या गेटवर विचारायला येतो. मात्र दोन्हींत एक गंमत आहे. फॉर्म भरून पाठवला असेल, तर ब्राउझर 'पोस्ट'चं 'गेट' करून टाकतो. म्हणजे ट्रक नव्या गोदामात पोचला, पण रिकामा! माल शाबूत हवा तर ३०७ किंवा ३०८ वापरा.

उरला मेटा रिफ्रेश. आधी जुनं पान उघडतं, मग 'पाच सेकंदांत नव्या साइटवर जाल, नाहीतर इथे क्लिक करा'. बँकेच्या बाबतीत हे मला अजिबात पटत नाही. 'इथे क्लिक करा' हे तर भामटेही एसेमेसमध्ये लिहितात. ती सवय बँकेनेच का लावावी?

आणि हो, जुन्या डोमेनचं सर्टिफिकेट संपलं, तर ब्राउझर रीडायरेक्ट वाचायच्या आधीच धोक्याची पाटी दाखवतो. डोमेनचे वर्षाचे पैसे भरणं थांबवलं, तर उद्या तो पत्ता दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग वॉचमन चोराचा! जुन्या बुकमार्कवरून येणारा यंत्रमागवाला कारागिरांचा पगार द्यायला बसणार आणि पासवर्ड भलत्याच्याच हातात देणार.

म्हणून बँकांनी साधं ३०१ किंवा ३०८ लावावं आणि जुनं डोमेन कधीच सोडू नये. त्याचा खर्च किरकोळ आहे. आणि मंडळी, तुम्ही नवा पत्ता स्वतः टाइप करून बुकमार्क बदला. घरच्या मोठ्यांच्या फोनमध्येही, या रविवारीच.