जुनी मालमोटार आणि हप्त्याचे गणित

पसरणी घाट चढून पाचगणीला येणारी जुनी मालमोटार ही मालकाच्या कंजूषपणाची खूण समजण्याचे कारण नाही. येथील स्ट्रॉबेरीचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. पावसाळ्यात मालवाहतूक मंदावते. बँकेचा हप्ता मात्र मंदावत नाही. ज्याची गाडी वर्षातील निम्मे दिवस उभी राहते, त्याला इंजिनाची दुरुस्ती आणि थोडे जादा डिझेल हाच व्यवहार परवडतो. शिवाय जुना डिझेल पंप वाईचा मिस्त्रीही खोलू शकतो. 2020 नंतरच्या ‘भारत-सहा’ मालमोटारीचा दोष शोधावयाचा तर संगणक हवा, आणि धूर निवळण्यासाठी बहुधा युरियाचे द्रावणही हवे.

अर्थात जुन्या गाडीच्या धुराची किंमत मालक मोजीत नाही, रस्त्याकाठचे लोक मोजतात. आणि घाटात ब्रेक निकामी झाला तर हिशेब रुपयांत राहत नाही. योग्यता-तपासणी कठोरच हवी. परंतु 1 एप्रिल 2022 रोजी पंधरा वर्षांवरील अवजड वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे शुल्क 12,500 रुपये झाले, ते केवळ वय पाहून. निगुतीने राखलेल्या आणि हयगय केलेल्या गाडीला भुर्दंड सारखाच! शासनाने हे शुल्क धुराच्या व ब्रेकच्या प्रत्यक्ष मोजमापावर बसवावे. गाडीचे जन्मवर्ष नोंदवहीपुरते राहू द्यावे.