खंडाळ्याचा घाट आणि चिपीचे विमान

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली की प्रवाशांचे लक्ष दरीकडे जाते, आणि बोगदे मोजण्याचे काम लहान मुलांकडे येते. ज्या घाटाने मुंबई आणि देश यांची गाठ घालून दिली, तो घाट निव्वळ नफ्यातोट्याच्या हिशेबाने बांधला गेला नव्हता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडी भरून जावो वा रिकामी जावो, विलायतेतील भागधारकाला त्याचे पाच टक्के मिळत आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरले जाई. या पद्धतीवर पुढे देशी अर्थचिंतकांनी सडकून टीका केली व ती रास्तच होती. कारण खर्चाला लगाम घालण्याची कंपनीला काही गरजच उरली नव्हती. तथापि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली आणि त्यानंतर ती थांबली नाही, हेही तितकेच खरे आहे.

पुढच्या प्रत्येक पिढीने या घाटात भर घातली. खंडाळ्याच्या अलीकडे पूर्वी गाडीला दिशा बदलून चढ चढावा लागे. नवे बोगदे खणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो खोळंबा संपविण्यात आला. विजेची इंजिने आली, १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. याचा एक परिणाम असा की, मुंबई-पुणे विमानसेवेचा प्रयोग निरनिराळ्या कंपन्यांनी करून पाहिला, पण ती सेवा कधी खऱ्या अर्थाने रुजली नाही. हवेत पाऊण तास काढण्यासाठी जमिनीवर तीन तास घालवावे लागतात, हे गणित प्रवाशाला कोणी शिकवावे लागत नाही. येथे विमान बंद पडले तर कोणाचेच अडत नाही, आणि म्हणून या मार्गावर कोणत्याही कंपनीस सरकारी मदतीचा एक पैसाही मिळण्याचे कारण नाही.

अडते ते ज्यांच्या वाट्याला खंडाळा आलेला नाही त्यांचे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राहणाऱ्या माणसाला कोचीला जायचे तर बोटीत रात्र काढावी लागते. सिंधुदुर्ग जिल्हा काही बेट नव्हे. पण एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्री, चौपदरीकरणाला २०११ पासून वर्षांमागून वर्षे लागलेला महामार्ग आणि सणासुदीला आरक्षण न मिळणारी कोकण रेल्वे, या चौकटीत मुंबईपासून पाचशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला आपण बेटावर राहतो असे वाटले तर त्याला हसण्याचे कारण नाही. अशा ठिकाणची विमानसेवा ही चैन नव्हे. दादरच्या एखाद्या शाळेत शिक्षक असलेल्या मुलाला कुडाळहून वडिलांच्या आजाराची तार पूर्वी येई, आता दूरध्वनी येतो. पोहोचण्याचा प्रश्न मात्र तोच आहे.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी परुळ्याजवळ चिपीच्या माळावर विमानतळाचे उद्घाटन झाले. अडीच किलोमीटरची धावपट्टी, मंत्र्यांची भाषणे, एकमेकांना मारलेले टोमणे, सारे यथासांग पार पडले. अलायन्स एअर या सरकारी कंपनीचे सत्तर आसनांचे विमान मुंबईहून ये-जा करू लागले. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली या मार्गाला तीन वर्षांची मदत होती. ती मुदत संपली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबई-चिपी सेवा थांबली. मधल्या काळात, २०२३ च्या जानेवारीपासून, गोव्यातील मोपा येथे नवा विमानतळ सुरू झाला होता. सावंतवाडीच्या माणसाला तो जवळ, तेथे विमाने पुष्कळ, आणि तिकीटही अनेकदा स्वस्त. चिपीचा उतारू मोपाकडे वळला यात नवल नाही. पण कणकवली, देवगड, मालवण या भागांतील माणसाचे काय, हा प्रश्न उरतोच.

‘उडान’ची रचना थोडी तपशिलात पाहिल्याशिवाय ही गोष्ट उलगडत नाही. २०१६ मध्ये आखलेल्या आणि २०१७ च्या एप्रिलपासून अमलात आलेल्या या योजनेत विमानातील निम्म्या आसनांपर्यंतचे भाडे सरकारने बांधून दिले. तासाभराच्या प्रवासाला आरंभी अडीच हजार रुपये. खर्च आणि उत्पन्न यांतील तफावत भरून देण्यासाठी कंपनीला तीन वर्षे रक्कम मिळते. तिचा मोठा वाटा मोठ्या शहरांमधील उड्डाणांवर बसविलेल्या आकारातून येतो आणि पाचवा हिस्सा राज्य सरकार देते. इंधनावरील राज्याचा कर अशा विमानतळांवर एक टक्क्यावर आणला गेला. त्या तीन वर्षांत मार्गावर दुसऱ्या कंपनीला प्रवेश नाही. कल्पना अशी की तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल, विमाने भरू लागतील आणि मदतीची काठी टाकून कंपनी आपल्या पायांवर चालू लागेल.

प्रत्यक्षात काय झाले, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये सांगून ठेवले आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना वाटले गेले. त्यांपैकी ३७१ मार्गांवर सेवा सुरू तरी झाली. तीन वर्षांची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू राहिलेले मार्ग होते अवघे ५४. शंभरांतील सात मुले उत्तीर्ण व्हावीत असा निकाल लागला, तर मुख्याध्यापक मुलांना दोष देत नाहीत. अभ्यासक्रम तपासायला घेतात.

महाराष्ट्राने हा निकाल जवळून पाहिला आहे. पहिल्या फेरीत एअर डेक्कन आणि एअर ओडिशा या दोन लहान कंपन्यांनी मोठ्या संख्येने मार्ग पटकावले. जळगाव, नाशिक, कोल्हापूर येथून २०१७-१८ मध्ये एअर डेक्कनची छोटी विमाने उडाली, हारतुरे झाले. मुंबईच्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळविण्यातच या कंपनीची दमछाक झाली, फेऱ्या चुकू लागल्या, आणि काही काळाने विमानेच दिसेनाशी झाली. अठरा-वीस आसनांच्या विमानाला जी जागा आणि वेळ लागते, तेवढ्याच वेळेत दोनशे माणसांचे विमान उतरविता येते. तेव्हा मुंबईच्या विमानतळ-चालकाने कोणाला पसंती द्यावी, हे सांगावयास नको.

लहान विमान कंपन्या का बुडतात, याचे उत्तर यातच आहे. शिलकी कापड दुकानदार पुढच्या हंगामात विकतो. उडालेल्या विमानातील रिकामी खुर्ची कोणी विकू शकत नाही. विमानाचे भाडे डॉलरमध्ये, इंधनाचा भाव आखाताच्या हाती, उत्पन्न रुपयात, आणि कोकणासारख्या ठिकाणी चार महिने ढग. सत्तर आसनांपैकी चाळीस भरली तर तूट. आणि दिवसाला एकच फेरी असेल तर विमान आणि वैमानिक दोघेही अर्धा वेळ उभे. मोठी कंपनी हा तोटा इतर दहा मार्गांवर जिरविते, लहान कंपनीला तसा दुसरा खिसा नसतो.

हे दुखणे आजचे नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकली गेली आणि जो तो विमान कंपनी काढू लागला. सरकारनेही परवाने सढळ हाताने दिले. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या थोडक्या काळात बुडाल्या. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने चौकशी करून निदान केले ते असे की, प्रवासी थोडे आणि कंपन्या फार. १९५३ मध्ये संसदेने कायदा करून नऊ कंपन्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. १९८१ मध्ये दुर्गम भागांसाठी ‘वायुदूत’ निघाली. तिने इतक्या ठिकाणी जाण्याचे अंगावर घेतले की १९९३ मध्ये तिला इंडियन एअरलाइन्सच्या पदराखाली जावे लागले. म्हणजे अनिर्बंध स्पर्धाही करून झाली आणि अनिर्बंध सरकारी औदार्यही. दोहोंचा शेवट सारखाच झाला.

स्पर्धेने भाडे उतरते, हा सिद्धांत मुंबई-दिल्ली मार्गावर खरा आहे. जेथे दिवसाकाठी एक विमान जेमतेम भरते, तेथे दुसरे आले की दोन्ही अर्धी रिकामी जातात. हवाई बेटांचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. तेथे बेटाबेटांमध्ये दोन जुन्या कंपन्या विमाने चालवीत. २००६ मध्ये ‘गो’ नावाची तिसरी कंपनी एकोणचाळीस डॉलर भाडे घेऊन उतरली. लोक खूष झाले. ३१ मार्च २००८ रोजी अलोहा ही एकसष्ट वर्षांची कंपनी प्रवासी वाहतुकीतून उठली, सुमारे एकोणीसशे माणसांची नोकरी गेली. आणि २०१४ मध्ये ‘गो’नेही गाशा गुंडाळला. एकोणचाळीस डॉलरचे तिकीट हा प्रवाशांचा लाभ होता की उसनवारी, हे त्यांना मागाहून कळले.

ग्रामीण महाराष्ट्राला हे समजावून सांगण्यासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नाही. एसटी आणि वडाप यांचा झगडा प्रत्येक तालुक्याने पाहिला आहे. बाजाराच्या दिवशी वडापवाला थांब्यावर हजर. रात्री आठनंतरची, पावसातली, चार उतारूंची फेरी मात्र एसटीने करावयाची. वस्तीची गाडी गावात मुक्काम करते ती नफ्यासाठी नव्हे, सकाळी कॉलेजला जाणाऱ्या पोरांसाठी. वडापने मलई काढून घेतल्यावर एसटीचा तोटा वाढतो, आणि मग तोटा वाढला म्हणून वस्तीची गाडी बंद होते.

अगत्तीकडे या दृष्टीने लक्ष ठेवले पाहिजे. पंतप्रधानांनी २०२४ च्या जानेवारीत लक्षद्वीपला भेट दिली आणि त्या बेटांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्या वर्षी अलायन्स एअरच्या जोडीला गोव्याची फ्लाय नाइंटीवन आणि बंगळूरहून इंडिगो अशा दोन कंपन्या तेथे उतरल्या. धावपट्टी इनमिन सव्वा किलोमीटर. मोठे विमान तेथे चालत नाही आणि जे चालते त्यालाही वजन बेताने घ्यावे लागते. पर्यटकांचा हंगाम असेतो तिघांचेही चालेल. हंगाम सरला की कोण टिकेल आणि बेटावरच्या माणसासाठी कोण थांबेल, हा प्रश्न जाहिरातींत येत नाही.

यावर स्कॉटलंडमध्ये एक साधी व्यवस्था आहे. बारा नावाच्या चिमुकल्या बेटावर विमान समुद्रकाठच्या वाळूवर, ओहोटी पाहून उतरते; जगात असे नियमित विमानस्थळ क्वचितच असेल. या मार्गावर नफा नाही हे सरकारने गृहीतच धरले आहे. आठवड्याला किती फेऱ्या, किती आसने, कमाल भाडे किती, हे सरकार ठरविते आणि सर्वांत कमी मदतीत हे करून देणाऱ्या एका कंपनीला ठरावीक मुदतीचे कंत्राट देते. मुदत संपण्याआधी पुढची निविदा निघते. स्पर्धा आहे, पण ती निविदेच्या टेबलावर, आकाशात नाही. कंपनी बदलली तरी बारा बेटाचे विमान चालू राहते.

‘उडान’ची गोम येथे आहे. तिने मदत कंपनीच्या पायांवर उभे राहण्याला जोडली. प्रवाशाच्या गरजेला नव्हे. जेथे वाहतूक वाढण्यासारखी आहे तेथे तीन वर्षे पुरतात. जेथे ती कधीच फार वाढणार नाही, तेथे तीन वर्षांनंतर कंपनीने जाणे हाच हिशेबी शहाणपणा ठरतो, आणि त्याबद्दल तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. चिपीच्या सेवेचा शेवटचा दिवस साधारण कधी येणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक होते. मधल्या एक हजारांहून अधिक दिवसांत पुढची व्यवस्था कोणीतरी लावून ठेवावयास हवी होती.

विमानात बसणाऱ्यांसाठी करदात्याने भुर्दंड का सोसावा, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही, आणि म्हणूनच कोणते मार्ग मदतीस पात्र आहेत याची कठोर छाननी झाली पाहिजे. ज्या गावाहून रेल्वेने वा रस्त्याने चार तासांत मोठे शहर गाठता येते, त्याला मदत नको, मग तेथील आमदार कितीही वजनदार असोत. धावपट्टी आहे म्हणून विमान, हा न्याय सोडून द्यावा लागेल. गाळून जे मोजके मार्ग उरतील, त्यांना बोरघाटासारखी बेलगाम हमी नको आणि तीन वर्षांची मेहेरबानीही नको. फेरी चुकली तर दंड, मुदत संपण्यापूर्वी नवी निविदा, आणि मुंबईत उतरण्याची वेळ कंपनीच्या नव्हे तर मार्गाच्या नावावर, एवढ्या अटी तरी कराराच्या पहिल्या पानावर हव्यात.

शेवटची अट आज सर्वांत निकडीची आहे. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात वाहतुकीस खुला झाला. घाट उतरून येणाऱ्या पुणेकरालाही तो जवळचा आहे. सांताक्रूझच्या धावपट्टीवर लहान विमानांना जागा नाही हे कारण वर्षानुवर्षे सांगितले गेले. नव्या धावपट्टीवरील सकाळ-संध्याकाळच्या वेळा मोठ्या कंपन्यांकडे जाण्यापूर्वी त्यांतील काही चिपी आणि तिच्यासारख्या ठिकाणांसाठी राखून ठेवण्याचा आग्रह राज्य सरकारने धरावयाचा आहे, आणि तो वेळापत्रक भरण्याच्या आत धरावयाचा आहे.