व्यायाम आठवणीसाठी नको, उठण्याबसण्यासाठी हवा

संपादक महोदय,



२१ सप्टेंबरचा जागतिक अल्झायमर दिन जवळ आला की पुरवण्यांमधून ‘व्यायाम करा, स्मरणशक्ती टिकवा’ अशा मथळ्यांचं पीक येतं. चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना हा सल्ला योग्यच आहे. बैठी सवय, रक्तदाब, मधुमेह यांनी पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे आता सगळे मानतात. पण हा आजार ज्या घरात आधीच मुक्कामाला आलाय, तिथे तोच मथळा घोटाळा करतो. आमच्या हिंगण्यात मी बघते, मुलगा मोठ्या उमेदीनं वडिलांना रोज चालवतो. महिना-दोन महिने झाले तरी वडील त्यालाच ‘तू कोणाचा रे?’ विचारतात. मग ‘काही फायदा नाही जी’ म्हणून तो सगळं सोडून देतो आणि वडील खाटेला लागतात. फायदा कशात मोजायचा, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

इंग्लंडमध्ये ४९४ रुग्णांवर झालेल्या ‘डापा’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. चार महिने चांगला दमवणारा व्यायाम दिला होता. अंगात ताकद आली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. वर्षाअखेरच्या तपासणीत व्यायाम करणाऱ्यांचे गुण उलट किंचित वाईट निघाले. म्हणजे घाम गाळला की आठवणी परत येतात, ही समजूत सोडलेली बरी.

फिनलंडमधला अभ्यास मला आमच्यासारख्या घरांच्या जास्त जवळचा वाटतो. घरी जोडीदारासोबत राहणाऱ्या २१० अल्झायमर रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, तासभर, असं वर्षभर जात होते. दुसरा गट केंद्रात जमून व्यायाम करायचा, तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू होते. २०१३ साली निष्कर्ष आले. रोजची कामं करण्याची क्षमता तिन्ही गटांत घटली, पण घरी व्यायाम झालेल्यांची घट नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांच्या साधारण निम्मीच होती. पडण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत माणशी वर्षाला तीनाच्या वर होतं, घरी व्यायाम झालेल्यांत ते दीडच्या खाली राहिलं. केंद्रात जाणाऱ्यांना एवढा लाभ झाला नाही. आणि एकूण खर्चही वाढला नाही.

उलट बाजूही सांगते. ब्रिटनमध्ये ३६५ जणांवर घरगुती व्यायामाचाच प्रयोग झाला. २०२३ साली त्याचा निकाल आला, आणि दैनंदिन कामांत फरक पडला नाही असाच आला. पण ती माणसं आजाराच्या अगदी पहिल्या पायरीवरची होती, त्यांचं बरंचसं काम त्यांनाच जमत होतं. तिथे राखायला लागावं इतकं अजून हातचं गेलंच नव्हतं, असं माझं मत. तज्ज्ञांना ते पटत नसेल तर त्यांनी याच सदरात खोडून काढावं.

माझं म्हणणं एवढंच की मोजायचं असेल तर हे मोजा: माणूस संडासच्या सीटवरून स्वतः उठतो का, रात्री लघवीला जाताना पडतो का, आंघोळीला उभं राहता येतं का. ही तीन कामं टिकली तर घरचे तगतात. खुब्याचं हाड मोडलं की म्हातारं माणूसही गेलं आणि सुनेची कंबरही गेली.

आमच्याकडे मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हा आजार होऊन बरीच वर्षं झाली. एमआयडीसीतल्या कारखान्यात लेथवर त्यांचं आयुष्य गेलं. एका दवाखान्यानं आम्हाला व्यायामाचा छापील कागद दिला, सगळा इंग्रजीत. चित्रात मोठ्या रबरी चेंडूवर बसलेली गोरी बाई. आता मी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवते आणि समोर दुसरी मांडून स्वतः बसते. ‘मामाजी, उठा-बसा करा’ म्हटलं की ते भडकतात, ‘मी का लहान पोट्टा आहो?’ म्हणतात. ‘पाळीची वेळ झाली जी, चला’ म्हटलं की दोन्ही हात मांड्यांवर रेटून उभे राहतात आणि गेटपाससाठी खिसा चाचपतात. मग मी बसते, तेही बसतात. मी उठते, तेही उठतात. असं पाच-सहा वेळा होतं. हे खोटं बोलणं आहे का, यावर घरात वाद झाला. मी तो जिंकला असं समजून चालते. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. दुपारी तुरीच्या शेंगा नाहीतर लसूण सोलायचा. एका वेळी एकच वाक्य बोलायचं, आणि सांगण्यापेक्षा करून दाखवायचं. वैतागले की त्या दिवशी तिथंच थांबायचं.

ज्या गोष्टी त्या कागदावर नव्हत्या, पण हव्या होत्या, त्या अशा. पलंगावरून एकदम उभं करू नये, कडेला पाय सोडून मिनिटभर बसवावं, कारण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या की अचानक भोवळ येते. हाताला धरून ओढू नये, खांदा दुखावतो. पायात सटकणारी स्लीपर नको, मागून पट्टा असलेली चप्पल हवी. दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबावं. आणि कालपर्यंत चालणारा माणूस आज अचानक उठेना झाला तर तो हट्ट समजू नये. लघवीचा संसर्गही असू शकतो, डॉक्टरांना दाखवावं. ‘रोज फिरायला न्या’ हा सल्ला सोपा आहे. देणाऱ्यानं एकदा आमच्या मे महिन्यात, पाळी सुटताना, ट्रकांच्या रांगेतून गोंधळलेल्या माणसाला हिंगणा रोडवर फिरवून दाखवावं. उन्हाळ्यात आम्ही समोरच्या दारापासून मागच्या दारापर्यंतच फेऱ्या मारतो.

आता मागणी. ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांची ओपीडी, उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाऊन घरच्यांना शुश्रूषा शिकवणं, हे त्यात लिहिलेलं आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, कमोड खुर्चीसाठी ३,००० रुपये मिळतात. त्या खुर्चीवरून उठवायचं कसं, हे शिकवणारं माणूस मात्र योजनेसोबत येत नाही.

आणि माणसं दूर नाहीत. याच हिंगणा रोडवर डिगडोह टेकडीवर फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, वानाडोंगरीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. सामाजिक फिजिओथेरपी हा त्या मुलांच्या अभ्यासक्रमातलाच विषय. मेट्रो २०२० पासून लोकमान्य नगरपर्यंत येते, पण अशा रुग्णाला अनोळखी गर्दीत नेणं म्हणजे दिवसभराचा थरकाप, त्यांचाही आणि आमचाही. म्हणून रुग्णाला ओपीडीत बोलावण्याऐवजी इंटर्न मुलांना आशाताईंबरोबर घरी पाठवा. मनुष्यबळ नाही, असं उत्तर येईल हे ठाऊक आहे. फिनलंडसारखं आठवड्यातून दोनदा कोणी मागत नाही. वर्षातून चार भेटी पुरेत: पहिली घर बघून शिकवायला, बाकीच्या आमच्या चुका सुधारायला आणि आजार पुढे सरकला की व्यायाम बदलून द्यायला. शिकवायचं रुग्णाला नाही, घरात जी सांभाळते तिला. आणि तिला उचलण्याची योग्य पद्धत आधी दाखवायची.

तालुका आरोग्य अधिकारी, दोन्ही महाविद्यालयं आणि हिंगणा नगरपंचायत यांना एकत्र बसवायचं काम कोणी करावं, हा प्रश्न आहे. आपलं वृत्तपत्र ते करू शकतं. तोवर एक छोटी विनंती: येत्या सप्टेंबरच्या पुरवणीत मेंदूच्या रंगीत चित्राऐवजी खुर्चीवरून उठण्याबसण्याची चार चित्रं, मराठीत आणि मोठ्या टायपात, अर्धं पान भरून छापा. ओट्यासमोरच्या भिंतीला चिकटवता येतील.

— एक वाचक, हिंगणा, जि. नागपूर