आधी ऊब, मग दूध

जिन्याखाली किंवा गाडीच्या चाकाशी डोळे मिटलेलं मांजराचं पिल्लू सापडलं की सोसायटीतला पहिला सल्ला ठरलेला असतो : "बशीत दूध द्या त्याला." माझं भांडण या बशीशी आहे. देणाऱ्याची माया खरी असते, पण चार दिवसांच्या पिल्लाला बशीतलं चाटताच येत नाही आणि गाईचं दूध त्याला पुरतही नाही. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जवळपास दुप्पट प्रथिनं असतात. शिवाय गाईच्या दुधाने अनेकदा जुलाब लागतात, आणि शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव जुलाबाने बघता बघता कोरडा पडतो. "आमच्या आजीने गाईच्या दुधावरच पिल्लं वाढवली," असं हमखास ऐकवलं जातं. जगलेली पिल्लं सगळ्यांच्या लक्षात राहिली; दगावलेली कुणी मोजली?

"माणसाचा हात लागला, आता आई जवळ घेणार नाही," हाही असाच साफ खोटा समज. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. जागा बदलताना ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, आणि मागे राहिलेलं आपल्याला बेवारस वाटतं. पिल्लू उबदार असेल, पोट भरलेलं असेल आणि जागा सुरक्षित असेल, तर लांबूनच दोन-तीन तास लक्ष ठेवा. आईइतकी चांगली दाई आपल्यापैकी कुणीही नाही.

आई आलीच नाही, तर मात्र पहिली गरज उबेची. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थंडीने कुडकुडताही येत नाही. अंग तापवण्याची ती सोयच अजून तयार झालेली नसते. करंगळीचं टोक त्याच्या तोंडात घालून बघा. आत गार लागलं तर दुधाचा थेंबही देऊ नका, कारण गारठलेलं पोट दूध पचवत नाही. खोक्याच्या एकाच बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे जास्त तापलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. अंग हळूहळू गरम होऊ द्या. आंघोळ अजिबात नको.

मग पशुवैद्याला विचारून पिल्लांसाठीच्या पावडरीचं कोमट दूध द्या, पहिल्या आठवड्यात रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी. पाजताना पिल्लू पालथंच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं, आणि मायेने उचललेली कितीतरी पिल्लं तिथेच संपतात. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसा. आई चाटते तेव्हाच त्याला शू होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. दिवसाला दहाएक ग्रॅम वाढलं नाही, तर दवाखाना गाठा.

"एवढा खटाटोप कशाला? निसर्ग बघून घेईल," म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एकच : गोणीत भरून मंडईमागे पिल्लं टाकणारा निसर्ग नसतो, माणूस असतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

तुमच्या आवारातली मांजर व्याली असेल, तर पिल्लं अंगावरून सुटताच तिची नसबंदी करून घ्या. ती दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत पुढची वीत हजर होते.