बुद्धिमान यंत्र आणि माणसाची विद्या

व्यवसायाचे नाव उच्चारले की त्याचे साधन डोळ्यांपुढे उभे राहते. सुतार म्हटले की रंधा, शिंपी म्हटले की कात्री, लेखनिक म्हटले की लेखणी. साधन आणि कारागीर यांचा सहवास इतका दीर्घ असतो, की साधन म्हणजेच व्यवसाय असा समज सहज होऊन बसतो. पण साधने चिरंजीव नसतात. बोरू गेला, टाक आला; टाक गेला, टंकलेखनयंत्र आले; आणि पाहता पाहता तेही अडगळीत जाऊन पडले. प्रत्येक वेळी जुने साधन हाती असलेल्या माणसाच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला : आता माझे काय होणार? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने तोच प्रश्न आज अधिक तीव्रतेने विचारला जात आहे. जो विद्यार्थी अजून कोणत्याही व्यवसायात शिरलेला नाही, त्याच्यापुढे तर तो निराळ्याच रूपाने येतो. काय शिकले असता ते उद्या निरुपयोगी ठरणार नाही?

आजवरची बहुतेक यंत्रे माणसाच्या बाहूंची जागा घेत होती. वाफेच्या यंत्राने ओझी वाहिली, विजेच्या मागाने कापड विणले. नवे यंत्र मात्र लिहिते, भाषांतर करते, चित्र काढते, गणित सोडवते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी नावाची संगणकप्रणाली सर्वसामान्यांसाठी खुली झाली, आणि मनुष्याच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला मनुष्याच्याच भाषेत उत्तर देणारे यंत्र घरोघरी जाऊन पोचले. या यंत्राच्या मुळाशी कोणतीही जादू नाही. अफाट मजकूर त्याच्यापुढे ठेवलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते त्या मजकुरावरून शिकते, आणि त्या आधाराने वाक्यामागून वाक्य रचत जाते. म्हणून त्याचे बोलणे ओघवते असते. परंतु ओघवते बोलणे आणि खरे बोलणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जगातील इंग्रजी मजकुराच्या मानाने त्याच्यापुढे आलेला मराठी मजकूर थोडा आहे, त्यामुळे मराठीत तर त्याची परीक्षा अधिक दक्षतेने घ्यावी लागते.

साधन बदलले म्हणजे व्यवसायातले काय जाते आणि काय राहते, हे समजण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि तेथील देवनागरी टाइपाचे वळण देशभर वाखाणले गेले. अशा छापखान्यांतून कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, केसपुढे उभा राहून काम करी. शेकडो लहान खणांत शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ठेवलेले असत. पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, जोडाक्षरे. नजर हस्तलिखितावर, हात खणात आणि दुसऱ्या हातातील स्टिकवर उलटी अक्षरे ओळीने उभी राहात. ते उलटे अक्षर सुलटे असल्यासारखे वाचण्याची सिद्धी त्याला वर्षांच्या सरावाने लाभलेली असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणक छापखान्यात आला, आणि खणात न पाहता खिळा उचलणाऱ्या त्या हातांचे मोल एकाएकी संपले.

परंतु त्या कारागिराजवळ दोन प्रकारची संपत्ती होती. एक होती हाताची सवय. दुसरी होती भाषेची जाण. ऱ्हस्व कोठे, दीर्घ कोठे, शब्द कोठे तोडावा, लेखकाच्या हातून निसटलेला अनुस्वार कोठे द्यावा, हे त्याला ठाऊक असे. पहिली संपत्ती संगणकाने हिरावून घेतली. दुसरी त्याला हिरावता आली नाही. ज्यांच्याजवळ ती होती आणि ज्यांना नवे साधन शिकण्याची संधी मिळाली, ते कळफलकापुढे बसून अक्षरजुळणीच करीत राहिले, किंवा मुद्रितशोधनाकडे वळले. ज्यांना ती संधी मिळाली नाही, त्यांचा हात मात्र रिकामा झाला. या इतिहासात दिलासा आहे तशी व्यथाही आहे, आणि दोहोंपैकी एक लपवून दुसरीच सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परदेशातील एक उदाहरण याहून बोलके आहे. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आज यंत्राला लावला जातो. पण एके काळी तो माणसाचा हुद्दा होता. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील लँगली येथे विमानविद्येची मोठी प्रयोगशाळा होती. तेथे कागदावर आकडेमोड करण्यासाठी नेमलेल्या स्त्रियांना कॉम्प्युटर, म्हणजे गणक, म्हणत. शाळेत गणित शिकवणाऱ्या डोरोथी वॉन १९४३ साली तेथे दाखल झाल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या, आणि त्या काळच्या वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय गणक स्त्रियांचा विभाग वेगळा ठेवलेला होता. १९४९ साली त्या विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. पुढे प्रयोगशाळेत विद्युत्-गणकयंत्रे आली. शेकडो माणसांची आकडेमोड ही यंत्रे करणार, हे उघड दिसत होते. डोरोथी वॉन यांनी यंत्राचा द्वेष केला नाही आणि दैवाला बोलही लावला नाही. यंत्राला आज्ञा देण्यासाठी तयार झालेली फोर्ट्रान ही भाषा त्या स्वतः शिकल्या आणि सहकारी स्त्रियांनाही त्यांनी ती शिकवली. आकडे मांडणारा हात गेला. पण गणित जाणणारी बुद्धी यंत्राच्या पलीकडल्या बाजूला जाऊन उभी राहिली.

त्याच प्रयोगशाळेतील कॅथरीन जॉन्सन यांची हकीगत प्रसिद्ध आहे. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन हे अंतराळवीर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांच्या यानाचा मार्ग गणकयंत्राने काढून दिला होता. परंतु ज्याचे प्राण त्या आकड्यांवर अवलंबून होते, त्याला केवळ यंत्राची ग्वाही पुरेशी वाटली नाही. तीच समीकरणे कॅथरीन जॉन्सन यांनी हाताने सोडवून पाहावीत, असा आग्रह त्यांनी धरला. उत्तरे जुळली, आणि मगच यानाचे उड्डाण झाले. यंत्र चुकले नव्हते. तरीही ते चुकले नाही हे सांगू शकणारा माणूस हवा होता, आणि ते सांगण्याइतके गणित त्या माणसाच्या अंगी मुरलेले होते.

प्रत्येक व्यवसायाचे असे दोन भाग पाडता येतात. एक भाग कृतीचा, दुसरा निर्णयाचा. कृती यंत्राला शिकवता येते. निर्णयाचे उत्तरदायित्व मात्र कोणा ना कोणा माणसाच्या शिरावरच राहते. १९२० नव्हे, १९६२ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०२३ साली, न्यू यॉर्क येथील न्यायालयात याचा प्रत्यय आला. काही वकिलांनी बुद्धिमान यंत्राकडून पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले मागवले आणि ते न पडताळता न्यायाधीशांपुढे ठेवले. त्यांतील कित्येक निवाडे कधी झालेच नव्हते. यंत्राने ते रचून दिले होते. न्यायालयाने ५,००० डॉलरांचा दंड केला, तो यंत्राला नव्हे, वकिलांना. यंत्राने सांगितले ही सबब न्यायासनापुढे टिकली नाही, आणि ती रुग्णालयात, कारखान्यात वा शाळेतही टिकणार नाही.

भाषांतराचा व्यवसायही याच वाटेवर आहे. न्यायालयीन निवाडे इंग्रजीतून मराठीसारख्या भारतीय भाषांत आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून ‘सुवास’ या संगणकप्रणालीचे साह्य घेतले. शेकडो पृष्ठांचा पहिला खर्डा यंत्र अल्पावधीत करून देते, ही सोय लहान नव्हे. परंतु इंग्रजी ‘लीव्ह’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ रजा, आणि न्यायालयातील अर्थ परवानगी. संदर्भ न ओळखता भाषांतर झाले, तर न्यायासनाने दिलेली अनुमती मराठीत ‘रजा मंजूर’ होऊन बसेल! ही चूक ओळखण्यासाठी इंग्रजी हवे, मराठी हवे, आणि न्यायव्यवहाराचे ज्ञानही हवे. पहिला खर्डा लिहिणाऱ्या अनुवादकाची गरज कमी होईल. तो तपासून त्याखाली स्वाक्षरी करू शकणाऱ्या अनुवादकाची गरज वाढेल.

मग अमुक व्यवसाय टिकेल आणि तमुक बुडेल, असे भविष्य पाहून शिक्षण निवडावे काय? या बाबतीत थोरांचेही अंदाज चुकले आहेत. या शास्त्राचे एक अग्रणी जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी २०१६ साली असे म्हटले होते की, क्ष-किरण छायाचित्रे वाचणारे डॉक्टर तयार करणे आता थांबवावे, कारण पाच वर्षांत यंत्र ते काम अधिक चांगले करील. ती मुदत केव्हाच उलटून गेली. यंत्रे त्या शाखेत खरोखरच आली, पण डॉक्टरांची गरज संपली नाही. रोग्याचा पूर्वेतिहास, त्याची प्रकृती आणि उपचाराचा निर्णय यांचा मेळ घालणारा वैद्य हवाच असतो. जेथे शास्त्रज्ञाचा होरा चुकतो, तेथे बाजारातील अफवांवर आयुष्याची दिशा ठरवणे कितपत शहाणपणाचे?

यावर कोणी आक्षेप घेईल, की यंत्र दिवसेंदिवस सुधारत आहे. आज निर्णय माणसाकडे असला तरी उद्या तोही यंत्राकडे जाणार नाही कशावरून? शिवाय उमेदवार माणूस साधी कामे करीत करीतच मोठी कामे शिकतो. ती साधी कामेच यंत्राने नेली, तर शिडीची पहिली पायरी नाहीशी झाल्यावर वर चढावे कसे? हा आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच व्यवसायाशी जुळवून घेण्याचा सगळा भार एकट्या माणसावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. डोरोथी वॉन यांच्या जिद्दीइतकेच महत्त्व नवी विद्या शिकण्यास मिळालेल्या अवसराला आहे. ज्या मालकाला यंत्रामुळे लाभ होतो, त्याने उमेदवारांना शिकवण्याचा खर्च सोसला पाहिजे. ज्या कामगाराचे काम जाते, त्याला पुन्हा शिकण्याची सोय शासनाने केली पाहिजे. यंत्राचे फळ थोड्यांच्या ओंजळीत आणि त्याचा फटका पुष्कळांच्या पाठीवर, ही प्रगतीची व्याख्या होऊ शकत नाही.

विद्यार्थ्याच्या हाती मात्र एक गोष्ट आजच आहे, आणि तिच्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. बुद्धिबळाच्या खेळात संगणकाने १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. तेव्हापासून हा खेळ मरेल असे पुष्कळांना वाटले. तो मेला नाही. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. आजचे खेळाडू संगणकाला सोबतीला घेऊन आपल्या डावातील दोष शोधतात. पण स्पर्धेच्या दालनात कोणतेही यंत्र नेता येत नाही. तेथे पटापुढे बसल्यावर खेळाडूच्या मदतीला येते ते केवळ त्याच्या अंगी मुरलेले ज्ञान. यंत्राशी झुंज देत ज्याने विचार केला, त्याची बुद्धी तेथे तळपते; यंत्राने सुचवलेल्या चाली ज्याने नुसत्या पाहून सोडल्या, त्याच्यापाशी तेथे काहीच उरत नाही.

निबंधाचेही असेच आहे. शिक्षक निबंध लिहावयास सांगतात तो त्यांना वाचावयास काही नाही म्हणून नव्हे. विचार जुळवताना, शब्द शोधताना, लिहिलेले खोडताना मुलाच्या मनाला जे वळण लागते, ते त्या लेखनाचे खरे फळ. यंत्राकडून आयता निबंध उतरवून घेणारा मुलगा वहीतील पान भरतो. त्याचे मन कोरेच राहते. पुढे त्याच यंत्राचे लेखन तपासण्याची वेळ आली, की चूक कोठे आहे हे त्याला उमगणार नाही, कारण बरोबर काय असते हे तो कधी शिकलेलाच नसतो. आणि ज्याला यंत्राची चूक दिसत नाही, त्याला यंत्राशेजारी बसवून वेतन देण्याचे कोणालाही कारण उरत नाही. आधी स्वतः लिहावे, मग यंत्राला दोष विचारावेत. आधी स्वतः सोडवावे, मग यंत्राचे उत्तर ताडून पाहावे. या क्रमात ते यंत्र उत्तम सोबती ठरते. क्रम उलटला की तेच यंत्र विद्येचा अपहार करते.

भाषा, गणित, निरीक्षण, पडताळणीची सवय आणि दिलेला शब्द पाळण्याची वृत्ती ही कोणत्याही एका व्यवसायाची साधने नव्हेत. सर्व व्यवसाय ज्या भूमीत रुजतात ती ही भूमी आहे. ती कसलेली असेल तर एक पीक गेले तरी दुसरे घेता येते. शिशाचे खिळे वितळले, पण शुद्ध आणि अशुद्ध यांतील भेद वितळला नाही. आजचे बुद्धिमान यंत्रही कधी तरी जुने होईल आणि त्याच्या जागी दुसरे येईल. त्या दिवशीही त्याच्या उत्तरावर डोळसपणे दृष्टी टाकून ‘हे बरोबर आहे’ किंवा ‘हे चूक आहे’ असे निर्भयपणे सांगणारा आणि आपल्या सांगण्याची जबाबदारी घेणारा माणूस समाजाला हवाच असेल. असा माणूस होण्याची तयारी शाळेच्या बाकावरच करावयाची असते.