उभ्या गाडीला धक्का : ड्रायव्हरचा खिसा नव्हे, मालकाची पॉलिसी पाहा

पुण्याच्या भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे, आमच्या ओळखीचे एक सोफा-कुशनचे कारागीर आहेत. त्यांची छोटी व्हॅन दुकानासमोर उभी होती. प्लायवूड उतरवून परतणारा टेम्पो रिव्हर्स घेताना तिच्या मागच्या दरवाजावर आदळला. गर्दी जमली. ड्रायव्हर वीस-बावीस वर्षांचा, रोजंदारीवरचा मुलगा. मालकाला कळले तर काम जाईल म्हणून हात जोडू लागला. मोहल्ल्यातील दोन बुजुर्गांनी मध्ये पडून दोन हजारांवर मिटवले आणि 'आपसांत समझोता झाला, तक्रार नाही' असे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने खर्च सांगितला : एकतीस हजार.

बुजुर्गांची नियत चांगली होती, यात शंका नाही. पण हिशेब पाहा. कारागिराचे एकोणतीस हजार गेले. त्या मुलाचे दोन हजार, म्हणजे तीन-चार दिवसांची मजुरी गेली. टेम्पोचा मालक आणि त्याची विमा कंपनी, ज्यांच्यावर खरी जबाबदारी होती, त्यांचा एक पैसाही गेला नाही. याला समझोता म्हणायला आम्ही तयार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हा विमा फक्त माणूस मेला किंवा जखमी झाला तरच उपयोगी, असा समज आपल्या बाजारात पक्का बसला आहे. तो चूक आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही त्यात येते, आणि आपली उभी गाडी ही मालमत्ताच आहे. चारचाकी व मालवाहू गाड्यांच्या बहुतेक पॉलिसींत ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत असते, दुचाकीची एक लाख. काही मालक थोडा हप्ता वाचावा म्हणून ती सहा हजारांवर आणून ठेवतात. पण तेव्हाही उरलेली भरपाई मालकानेच द्यायची असते. कामावर असलेल्या नोकराच्या चुकीला मालक जबाबदार, हे कायद्याचे जुने तत्त्व आहे.

आता आपल्या स्वतःच्या पॉलिसीकडे वळू. विमा घ्यावा की नाही याबद्दल आपल्यापैकी अनेकांच्या मनात संकोच असतो, म्हणून कायद्याने सक्तीचा तेवढाच थर्ड पार्टी विमा घेतला जातो. त्या वादात या पानाने पडण्याचे कारण नाही. पण असा विमा असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी आपली कंपनी काही देणार नाही. मग समोरच्या मालकावरील हक्क हाच एक आधार उरतो, आणि तोच आपण दोन हजारांत लिहून देतो!

ज्यांची पॉलिसी पूर्ण संरक्षणाची आहे त्यांनी आपल्या कंपनीकडून पैसे घ्यावेत की नाही, हे आधी मोजून पाहावे. बंपर व इतर प्लास्टिक-रबराच्या भागांवर घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापली जाते. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. पाच ते दहा वर्षांच्या गाडीवर ती ४० टक्के आहे. वर सक्तीची वजावट. शिवाय पाच वर्षे क्लेम न घेतल्यामुळे मिळालेली ५० टक्के बोनसची सूट एका क्लेमने जाते, मग चूक दुसऱ्याची का असेना. गाडी बंद राहून धंदा बुडाला, त्याचे काहीच मिळत नाही. लहानसहान खरचटण्यासाठी असा क्लेम करणे बहुधा तोट्याचेच. मोठे नुकसान असेल तर मात्र लगेच कळवावे, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडीला हातोडी लावू देऊ नये. फॉर्मवर 'ड्रायव्हर कोण' या रकान्यात सवयीने भाच्याचे नाव टाकणारेही आहेत, आणि भाच्याकडे लायसन्स नसते! गाडी उभी होती, आत कोणी नव्हते, हे जसेच्या तसे लिहावे. कंपनीने विनाकारण क्लेम नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे, आणि तक्रारीला फी नाही.

हे झाले आपल्या कंपनीचे. टेम्पोवाल्याकडून वसुली करायची तर सारी मदार पहिल्या अर्ध्या तासावर आहे. दोन्ही गाड्या जागच्या हलण्याआधी नंबर दिसतील असे फोटो काढावेत. ड्रायव्हरशी भांडण्यापेक्षा त्याच्या मालकाला फोन लावायला सांगावे. टेम्पोचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की विमा कोणत्या कंपनीचा व कधीपर्यंतचा, हे तिथेच दिसते. कुरियरच्या गाड्यांबाबत ऑफिस म्हणते, 'गाडी ठेकेदाराची आहे'. ठीक आहे, आर.सी.वर नाव असलेल्या मालकाला धरावे. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. दुकानासमोर दुहेरी रांगेत गाडी लावण्याची आपली जुनी खोड इथे नडते, कारण उभ्या करणाऱ्याचाही दोष होता, असा मुद्दा समोरचा वकील हमखास काढतो.

पाच-सात हजारांचे नुकसान असेल तर मालकाने गॅरेजचे बिल थेट भरावे, एवढे लिहून घेऊन मिटवण्यास आमची हरकत नाही. तडजोड वाईट नाही. पण ती गॅरेजचा अंदाज हातात आल्यावर आणि मालकाशी व्हावी, घाबरलेल्या पोराशी नव्हे. रक्कम मोठी असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा करता येतो. आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या न्यायाधिकरणात तो चालतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीवर न्यायालयांत वाद झाले आहेत, पण आपण त्या भरवशावर राहू नये. असे दावे पुष्कळदा लोकअदालतीत मिटतात. तिथे समोर विमा कंपनीचा वकील असतो आणि तो पहिल्यांदा गॅरेजचे पक्के बिल मागतो, कच्ची चिठ्ठी नाही.