थंडीची खरी जागा गच्चीवर
घर-गच्ची : साप्ताहिक स्तंभ

थंडी वाढली की आमच्या जबलपूरच्या गोरखपुरात एक चौकशी हमखास होते. कुणाची लेक कॅनडात असते, कुणाचा मुलगा अमेरिकेत. तिकडे हिवाळ्याआधी बाहेरचे नळ बंद करून पाइप रिकामे करतात, उरलेल्यांवर फोम चढवतात. मग आपल्या भिंतीवरून गेलेल्या पाइपांनाही काही गुंडाळावं का?

गार पाण्याच्या पाइपांवर बर्फाच्या भीतीनं एक रुपयाही घालवू नका. जबलपूरचा पारा कडाक्याच्या थंडीतही सहसा ४-५ अंशांच्या आसपास थांबतो आणि ऊन चढलं की पहाटेचा गारठा ओसरतो. भरलेला पाइप गोठायला शून्याखालचे कित्येक तास लागतात. तेवढी थंडी इथे पडत नाही.

गच्चीवर पाणी तापवायचा सोलर असेल तर मात्र पुढचं वाचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरची वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, झडपांच्या पेटीत असतो. तो ४ अंश दाखवत असताना खालचं गवत शून्याला टेकलेलं असू शकतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात ते यामुळेच. आपल्याकडे पाटण-शहपुऱ्याचे मटारवाले अशा रात्री शेताला हलकं पाणी देतात, बांधावर धूर करतात, तेही यासाठीच. सोलरचं सपाट पॅनेल तसंच आकाशाकडे तोंड करून रात्रभर पडलेलं असतं. आत तांब्याच्या बारीक नळ्या, आणि त्यांत पाणी.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाचं बूच एकीकडे आणि बंद नळ दुसरीकडे, अशात अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि नळी तिथे फाटते. थंड देशांत कडक रात्री नळ बारीक चालू ठेवतात, तो त्या दाबाला वाट मिळावी म्हणून. फाटलेली तांब्याची नळी हातात घेऊन पाहा: लांबीच्या दिशेनं चीर गेलेली असते आणि तिच्या कडा बाहेर वळलेल्या असतात. रात्री काहीच कळत नाही, कारण भोक बर्फानंच बुजलेलं असतं. सकाळी ऊन लागून बर्फ वितळला की गच्चीवर पाणी वाहू लागतं.

उपाय साधा आहे. मटारवाले ज्या रात्री धास्तावतात, त्या रात्री पॅनेलवर ताडपत्री टाका आणि उजाडताच काढा. काचेच्या नळ्यांच्या सोलरला ही भीती फार कमी, कारण नळीच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते.

फोमचे पैसे खर्च करायचेच असतील तर गरम पाण्याच्या पाइपावर करा. फोम स्वतः ऊब देत नाही, असलेली ऊब फक्त टिकवतो. गरम पाइपावरच त्याचं चीज होतं. आज बहुतेक घरी हा पाइप गच्चीवरून उघडाच फिरतो. मग न्हाणीघरात गरम पाणी यायच्या आधी बादलीभर गार पाणी मोरीत जातं. नर्मदेचं पाणी लालपूरला शुद्ध होऊन, वीज जाळून आपल्या टाकीत चढतं. ते केवळ कोमट नाही म्हणून सोडून देणं मला सहन होत नाही.

फोम लावून घेताना शेजारी उभे राहा. कारागीर सरळ पाइप झाकतात आणि एल्बो, जोड, वॉल्व्ह उघडे सोडतात, ऊब तिथूनच जाते. नुसता काळा फोम आपल्या मे महिन्याच्या उन्हात भुसभुशीत होऊन गळून पडतो. त्यावर अ‍ॅल्युमिनियमची टेप हवीच. आणि ज्यांचं घर अजून बांधून व्हायचंय, त्यांनी ठेकेदाराला आत्ताच बजावावं, की सोलरची टाकी न्हाणीघराच्या बरोबर वर बसव, गरम पाण्याची लाइन चार भिंती फिरवून आणू नकोस.

– वि. गो.